बिननावाचा पैसा, उघडी वही

सदर : संसार आणि कायदा



गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून, कारखान्याच्या गेटवर, रिक्षा स्टँडवर एक नवा शब्द कानावर पडू लागला आहे. तो शब्द म्हणजे क्रिप्टो. कुणी त्याला बिटकॉइन म्हणतो, कुणी यूएसडीटी म्हणतो, तर कुणी नुसतेच कॉइन म्हणतो. हा पैसा खपविणारी मंडळी तीन गोष्टी हमखास सांगतात. पहिली गोष्ट, भाव वाढतच जाणार. दुसरी, यात बँक नाही, साहेब नाही, फॉर्म नाही. आणि तिसरी, सरकारला याचा थांगपत्ता लागत नाही.

पहिल्या दोन गोष्टींवर पुष्कळ लिहिता येईल. पण आपल्या घरातील तरुण मुलांना अडचणीत आणणारी गोष्ट तिसरी आहे. 'कुणाला कळणार नाही' या एका वाक्यावर विसंबून मुले आपले बँक खाते, आपले सिमकार्ड, आपली सही दुसऱ्याच्या हवाली करतात. म्हणून हे वाक्य खरे आहे की खोटे, एवढेच आज तपासून पाहू.

वही कुणाची आणि ठेवली कुठे?

'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात बिटकॉइनची कल्पना मांडलेली होती. ३ जानेवारी २००९ पासून हा पैसा प्रत्यक्ष चालू झाला.

आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा त्याची नोंद बँकेच्या वहीत होते. ती वही बँकेच्या ताब्यात असते. आपल्याला आपले पान तेवढे पासबुकात छापून मिळते. शेजाऱ्याचे पान आपल्याला दिसत नाही आणि आपले शेजाऱ्याला दिसत नाही. बिटकॉइनमध्ये बँकच नाही. मग एकच नाणे दोघांना देऊन कुणी फसवू नये, यासाठी काय तोड काढली? तर वहीच साऱ्या जगासमोर उघडी ठेवली. हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. प्रत्येक पान मागच्या पानाशी गणिताच्या गाठीने असे बांधलेले असते की, जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. या वहीलाच ब्लॉकचेन म्हणतात. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून कुठे, किती रक्कम गेली, हे तिच्यात कुणीही, कधीही, फुकट पाहू शकतो.

फक्त तिथे माणसाचे नाव नसते. नावाच्या जागी अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ असते. तिला ॲड्रेस म्हणतात. या एका गोष्टीवरून लोकांचा समज झाला की हा पैसा गुप्त आहे. पण नाव नसणे वेगळे आणि लपलेले असणे वेगळे.

आपल्या भिशीचे उदाहरण घ्या. समजा, भिशीच्या वहीत नावांऐवजी नुसते नंबर लिहिले आणि ती वही चौकात टांगली. सात नंबर दर महिन्याला पाचशे भरतो, गेल्या दिवाळीत त्याने उचल घेतली, दोनदा हप्ता चुकविला, हे येणारा-जाणारा वाचतो. सात नंबर कोण, ते मात्र माहीत नाही. पुढे एके दिवशी कुणाला तरी कळते की, सात नंबर म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. त्या क्षणापासून मावशींचा आजचा हिशेबच नव्हे, तर पहिल्या दिवसापासूनचा सारा हिशेब उघडा पडतो. बिटकॉइनचे नेमके असेच आहे. नाव एकदा, एकाच ठिकाणी कळले तरी पुरते.

नंबरामागचे नाव कसे सापडते?

यासाठी तपास करणाऱ्यांना जादू लागत नाही. तीन साध्या वाटा आहेत.

पहिली वाट खिशांची. एखादा माणूस दुकानात पाचशे रुपये देताना तीनशे एका खिशातून आणि दोनशे दुसऱ्या खिशातून काढतो. दोन्ही खिसे एकाच माणसाचे, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याचप्रमाणे एकाच व्यवहारात चार ॲड्रेसमधून पैसे निघाले, तर ते चारही ॲड्रेस बहुधा एकाच मालकाचे. ही अडचण खुद्द सातोशीच्या निबंधातही मान्य केलेली आहे.

दुसरी वाट गिऱ्हाइकाची. २०१३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सेरा मिकलजॉन या संशोधक बाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिटकॉइन देऊन निरनिराळ्या ठिकाणी तीनशेहून अधिक लहान-मोठे व्यवहार केले. ज्या दुकानाला पैसे दिले, त्याचा ॲड्रेस त्यांना आपोआप कळला. मग खिशांच्या युक्तीने त्या दुकानाचे बाकीचे ॲड्रेस जोडत गेले. अशा रीतीने बिननावाच्या वहीत दुकानांची नावे भरता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच विद्येवर कंपन्या उभ्या राहिल्या. २०१४ साली स्थापन झालेली चेनॲनालिसिस ही त्यांपैकी एक. निरनिराळ्या देशांची सरकारी खाती तिची गिऱ्हाइके आहेत.

तिसरी वाट दाराची, आणि तीच सर्वांत मोठी. कॉइन देऊन शेवटी तांदूळ, भाडे, शाळेची फी भागवायची तर त्याचे रुपये किंवा डॉलर करावे लागतात. ते जिथे होतात त्या एक्सचेंजमध्ये ओळखपत्र, फोटो, बँक खाते मागतात. म्हणजे वही कितीही बिननावाची असली, तरी आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या दारावर नाव लिहूनच घेतले जाते.

अमेरिकेच्या आयकर खात्याने हे दार २०१६ साली ठोठावले. २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत बिटकॉइनचा नफा विवरणपत्रात दाखविणारे लोक दरवर्षी हजाराच्या आतच होते, असे त्या खात्याला आढळले होते. कॉइनबेस या एक्सचेंजकडे त्याने ग्राहकांची माहिती मागितली. कंपनी कोर्टात भांडली. खात्याची मागणी बरीच आकसली, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने मोठ्या व्यवहारांच्या १४ हजारांहून अधिक खातेदारांची माहिती देण्याचा आदेश दिलाच.

पॉपकॉर्नच्या डब्यातील चोरी

आता एक खरी हकिगत ऐका. अमेरिकेत २०११ साली 'सिल्क रोड' नावाचा एक चोरबाजार इंटरनेटवर सुरू झाला. तिथे मुख्यतः अमली पदार्थ विकले जात आणि पैसे बिटकॉइनमध्ये घेतले जात. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो चालविणारा रॉस उल्ब्रिक्ट पकडला गेला. २०१५ साली त्याला जन्मठेप झाली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली.

या चोरबाजारातच २०१२ साली एक चोरी झाली. जेम्स झाँग नावाच्या तरुणाने तिथे काही खाती उघडली, थोडे बिटकॉइन भरले आणि पैसे काढण्याच्या यंत्रणेतील खोट हेरून, भरले त्याच्या कितीतरी पट रक्कम काढून घेतली. सुमारे ५० हजार बिटकॉइन त्याने लांबविले. चोरबाजाराचा मालक पोलिसांत तक्रार करणार तरी कशी? वर्षे लोटली. बिटकॉइनचा भाव चढत गेला. झाँगला वाटले असेल, पचले.

पण वही पचू देत नाही. ते ५० हजार बिटकॉइन कुठल्या ॲड्रेसमध्ये आहेत, हे साऱ्या जगाला दिसत होते. फक्त नाव नव्हते. नाव देणारा धागा हाती लागला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील त्याच्या घराची झडती झाली. जमिनीखालच्या तिजोरीत आणि न्हाणीघराच्या कपाटात, पांघरुणांखाली ठेवलेल्या पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यातील एका छोट्या संगणकात मिळून ५०,६७६ बिटकॉइन सापडले. त्या वेळी त्यांची किंमत ३३६ कोटी डॉलरहून अधिक होती. चोरी करून नऊ वर्षे झाली होती. एप्रिल २०२३ मध्ये झाँगला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली.

नऊ वर्षांत माणूस विसरतो, साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते. ही वही मात्र विसरत नाही. आज केलेला व्यवहार दहा वर्षांनंतर, आज नसलेल्या युक्तीनेही उलगडता येतो. 'आता कळले नाही म्हणजे कधीच कळणार नाही' असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

कुंपणच शेत खाते तेव्हा

याच सिल्क रोडच्या तपासातील दुसरी हकिगत अधिक बोलकी आहे. तपासासाठी नेमलेल्या पथकात कार्ल फोर्स हा अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी होता आणि शॉन ब्रिजेस हा सीक्रेट सर्व्हिसचा अधिकारी होता. फोर्सने खोटे नाव घेऊन चोरबाजाराच्या मालकाशी संधान बांधले. सरकारकडे जमा व्हायचे बिटकॉइन त्याने आपल्या खात्यात वळविले आणि तपासाच्या आतल्या बातम्या विकण्याचाही धंदा केला. ब्रिजेसने पकडलेल्या एका आरोपीचे अधिकार वापरून जानेवारी २०१३ मध्ये सुमारे २० हजार बिटकॉइन चोरले. चोरीचा आळ मात्र त्या आरोपीवर आला.

दोघेही कायद्याचे रखवालदार. दोघांनाही वाटले, बिननावाचा पैसा आहे, विचारतो कोण! पण आयकर खात्याचे तपासनीस टिग्रान गँबारियन यांनी त्या उघड्या वहीतील नोंदी एकेक करून जुळविल्या आणि धागा सरळ त्या दोघांच्या खात्यांपर्यंत जाऊन पोहोचला. २०१५ साली फोर्सला साडेसहा वर्षांची आणि ब्रिजेसला जवळजवळ सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रिजेसने तर गुन्हा कबूल केल्यावरही आणखी बिटकॉइन लांबविले, म्हणून २०१७ साली त्याला दोन वर्षे वाढवून मिळाली.

या हकिगतीत दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही खऱ्या आहेत. उघडी वही साहेबाला ओळखत नाही. चोर गणवेशात असला तरी ती त्याचीही नोंद ठेवते. ही झाली एक. दुसरी अशी की, ज्यांच्या हाती लोकांचा हिशेब पाहण्याचे अधिकार दिले, त्यांच्यावरही कुणाचे तरी लक्ष असावे लागते.

आपल्या पुण्यातही असे प्रकरण घडले आहे. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून देशभरातील लोकांचे बिटकॉइन गोळा करण्यात आले. २०१८ साली पुण्यात गुन्हे दाखल झाले. पैसा तांत्रिक स्वरूपाचा असल्याने पोलिसांनी दोन खाजगी तज्ज्ञांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघा तज्ज्ञांना अटक केली. तपासात हाती आलेले क्रिप्टो त्यांनी परस्पर वळते केले, असा त्यांच्यावरील आरोप आहे.

झाकली मूठ कुणाला हवी असते?

इथे काही वाचक म्हणतील, मग बरेच आहे की! सारे उघडे असले म्हणजे चोर सापडतील. ज्याने काही पाप केले नाही त्याला लपवायचे काय?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपण वाण्याला रोख शंभर रुपये देतो तेव्हा आपल्या घरात किती शिल्लक आहे, हे त्याला कळत नाही. बिटकॉइनने पैसे दिले, तर ज्याला दिले त्याला आपला ॲड्रेस कळतो आणि त्या ॲड्रेसची शिल्लक व मागचे व्यवहार तो पाहू शकतो. म्हणजे दर खरेदीला पासबुक वाण्याच्या हातात देण्यासारखेच झाले. मालकाला कळावे का, की कामगाराने युनियनला किती वर्गणी दिली? सासरच्यांना कळावे का, की सुनेने आपल्या आईला किती पाठविले? घरमालकाला कळावे का, की भाडेकरूकडे किती साठले आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वाडवडील म्हणत. ती मूठ पापाची नसते, अब्रूची असते.

यात जिवाचा धोकाही असतो. क्रिप्टो ठेवण्याचे उपकरण विकणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर डिसेंबर २०२० मध्ये चोरांनी इंटरनेटवर उघडे केले. त्यानंतर लोकांना धमक्यांचे निरोप येऊ लागले. जानेवारी २०२५ मध्ये तर त्याच कंपनीच्या एका संस्थापकाचे फ्रान्समध्ये अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट तोडण्यात आले. पोलिसांनी त्यांची सुटका केली. एका बाजूला उघडी वही आणि दुसऱ्या बाजूला दारावर गोळा केलेली नावे. या दोहोंची गाठ चोराच्या हाती पडली म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

म्हणूनच काही लोकांनी व्यवहार झाकण्याची साधने काढली. मोनेरो नावाच्या नाण्यात रक्कम आणि ॲड्रेस झाकलेले असतात. टॉर्नेडो कॅश या साधनात अनेकांचे पैसे एकाच हौदात पडतात आणि कुणाचे कुठे गेले हे ओळखू येत नाही. प्रामाणिक माणूस ते वापरतो आणि दरोडेखोरही वापरतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅशवर बंदी घातली. चोरीचा पैसा त्यातून धुतला जातो, हे कारण होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील अपील कोर्टाने सांगितले की, सरकारने कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले. मार्च २०२५ मध्ये बंदी उठली. पण ते साधन बनविणाऱ्यांपैकी एकाला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एका आरोपावर दोषी ठरविले. हा वाद अमेरिकेतही पुरता मिटलेला नाही.

पाहणाऱ्याला मर्यादा हवी

सरकारने माग काढूच नये, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. मुलाबाळांचा छळ करणाऱ्या टोळ्या, खंडणीखोर, लुटारू या मार्गाने पकडले गेले आहेत. प्रश्न एवढाच की, कुणाचे पान, कोणत्या कारणाने आणि कुणाच्या परवानगीने पाहायचे?

अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने २०२० साली निकाल दिला की, बिटकॉइनची वही जगजाहीर आहे आणि एक्सचेंजला माहिती ग्राहकाने स्वतःहून दिलेली आहे. तेव्हा ती पाहण्यासाठी पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा आपल्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर आधी तसा कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि हात घालायचा तो गरजेपुरताच हवा. निकाल क्रिप्टोसंबंधी नव्हता. पण झोपडीत राहणाऱ्या बाईलाही हिशेबाची मूठ झाकण्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून निघते. हा हक्क श्रीमंतांच्या चैनीचा नाही. उलट, ज्याच्यावर आधी संशय घेतला जातो, त्याला तो अधिक लागतो.

आपल्याकडचे नियम

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टोच्या धंद्याशी संबंध ठेवण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ती मनाई रद्द केली. त्यानंतर सरकारने बंदीऐवजी नोंदीचा मार्ग धरला. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेवरील विक्रीच्या रकमेवर १ टक्का कर आधीच कापला जातो. हा एक टक्का कापला म्हणजे पॅन नंबरासह व्यवहाराची नोंद आयकर खात्यात पोहोचते.

७ मार्च २०२३ रोजी क्रिप्टोचा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणण्यात आला. तेव्हापासून एक्सचेंजने ग्राहकाची ओळख पटविणे, नोंदी जपणे आणि संशयास्पद व्यवहार सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळविणे बंधनकारक झाले. परदेशी कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. बायनान्स या जगातील सर्वांत मोठ्या एक्सचेंजला या विभागाने जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपये दंड केला.

इथे एक गैरसमज दूर करावा. सरकार कर घेते म्हणजे सरकार हमी देते, असे नव्हे. बँक बुडाली तर ठराविक रकमेपर्यंत ठेवीला विम्याचे संरक्षण असते. क्रिप्टोला ते नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास क्रिप्टो चोरीस गेले. चोरीचा पैसा कोणत्या ॲड्रेसमधून कुठे चालला, हे वहीत दिसत होते. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखविले. तरीही आपल्या लहान गुंतवणूकदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. माग लागणे वेगळे आणि माल परत मिळणे वेगळे. पैसा नाव नसलेल्या, कायदा न पोहोचणाऱ्या मुलखात गेला की वही नुसती बघत राहते.

धागा आपल्या दारात येतो तेव्हा

आता मुख्य मुद्दा. मोठा चोर हे सारे जाणतो. धागा शेवटी नावाच्या दारावर येऊन थांबतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो त्या दारावर दुसऱ्याचे नाव लावतो. आणि ते नाव तो शोधतो गरिबाच्या घरात.

टेलिग्रामवर किंवा ओळखीच्या पोराकडून निरोप येतो. "तुझे खाते महिनाभर वापरू दे, कमिशन देतो. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम दे. तुला काहीच करायचे नाही." नोकरी नसलेल्या मुलाला पाच-दहा हजार रुपये थोडे नसतात. तो देतो. मग त्या खात्यात कुठल्यातरी म्हाताऱ्या पेन्शनराला 'डिजिटल अटके'ची भीती घालून लुबाडलेले पैसे येतात. काही मिनिटांत त्यांचे यूएसडीटी खरेदी होते आणि ते परदेशातील ॲड्रेसवर जाते.

तक्रार झाल्यावर पोलीस सुरुवात कुठून करतील? पैसे ज्या खात्यात गेले तिथूनच. त्या खात्यावर आधार आहे, पॅन आहे, फोटो आहे, घरचा पत्ता आहे. परदेशातल्या चोराकडे नुसता ॲड्रेस आहे, आपल्या पोराकडे मात्र नाव आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आपण म्हणतो. पण इथे पोराने कमिशन घेतलेले असते, म्हणून तो निव्वळ संन्यासीही ठरत नाही. गुन्ह्यात साथ दिल्याचा आरोप त्याच्यावर येतो. नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या वेळी ते प्रकरण पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

दुसरा प्रकार निरपराध माणसाचा. एखाद्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले यूएसडीटी परस्पर दुसऱ्या माणसाला विकले. घेणाऱ्याने दिलेले रुपये लुबाडलेले निघाले. मग विकणाऱ्याचे खाते गोठते. त्याच खात्यात पगार येत असेल, तर किराणा आणि फी दोन्ही अडतात.

म्हणून घरात एवढे पाळावे :

१. बँक खाते, एटीएम कार्ड, सिम, आधारची प्रत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कुणालाही वापरायला देऊ नये. मित्र असो, नातलग असो, दुकानदार असो.

२. खाते आधीच दिले असेल, तर लाजेने गप्प बसू नये. आजच बँकेत जाऊन लेखी अर्जाने व्यवहार थांबवावे, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी आणि दोन्ही ठिकाणची पोच घ्यावी.

३. क्रिप्टो घ्यायचेच असेल, तर गमावले तरी चूल बंद पडणार नाही एवढेच घ्यावे, वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या एक्सचेंजवरच घ्यावे आणि अनोळखी माणसाशी परस्पर सौदा करू नये. खरेदी-विक्रीचे कागद जपून ठेवावे.

४. आपल्याकडे किती कॉइन आहेत आणि आपला ॲड्रेस कोणता, याची वाच्यता मित्रमंडळींत करू नये. दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे म्हणजे खाजगीपणा नव्हे. तो गुन्हा आहे.

५. फसवणूक झाली, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पैसा खात्यातून निघून क्रिप्टोत जाण्याआधी अडविता आला तरच परत मिळण्याची आशा अधिक. इथे तासाला किंमत आहे.

६. खाते गोठले, तर कोणत्या पोलीस ठाण्याच्या कोणत्या तक्रारीवरून गोठले, हे बँकेकडून लेखी घ्यावे आणि आपले कागद त्या अधिकाऱ्याला पाठवावे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

मुलांना नुसते रागावून हे पटणार नाही. मोबाइल त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतो. त्यांच्याजवळ बसून पॉपकॉर्नच्या डब्याची आणि त्या दोन साहेबांची हकिगत सांगा. ज्यांच्याकडे पैसा होता, अधिकार होता, अक्कल होती, तेही त्या वहीतून सुटले नाहीत. मग आपले नाव, आपले आधार आणि आपला पत्ता देऊन आपण कसे सुटणार? आपला हिशेब झाकून ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. पण दुसऱ्याचा हिशेब झाकण्यासाठी आपले नाव द्यायचे नाही. कष्टकऱ्याजवळ दुसरी इस्टेट नसते. नाव असते, ते सांभाळा.